चौथ्यांदा विचारतील म्हणून

माणसाची गाडी चुकते, त्यात नवल काहीच नाही. ओढ्याला पाणी येतं, बैल अडून बसतो, आणि आपण ठेसणावर पोचेपर्यंत गाडी निघून जाते. पण वेळेच्या कितीतरी आधी पोचलेला, गाडीच्या दाराशी उभा असलेला, आणि साहेब स्वतः 'चल, बस' म्हणत असतानाही खालीच राहिलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नाही ना? मग नीट पाहून घ्या. हा काय, तुमच्या पुढ्यात बसलाय!

आधी चहा घ्या. आणि एक सांगतो, माझ्या घरात 'नको, नको, कशाला उगाच' असलं काही चालत नाही. हवा असेल तर हो म्हणायचं, नको असेल तर नाही. असं का, ते ऐका.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमचं गाव आष्टीच्या बाजूला, आणि मी शिकायला परतूरला. शाळेला तेव्हा सगळे मदरसाच म्हणायचे. शिकवणं उर्दूतून, सुट्टी शुक्रवारी. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि बाजारात दोन्हीची खिचडी, असा सगळा कारभार. माझं नाव दत्तात्रय. घरात मी दत्तू, शाळेत दत्तू मियाँ.

मियाँ म्हणायचे आमचे मौलवीसाब. त्यांना एक सवय होती. फारसीचा धडा लवकर संपला की हातातली छडी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "बोलो बच्चो, बड़े होकर क्या बनोगे?"

उत्तरं ठरलेली. कुणी तहसीलदार, कुणी पेशकार, कुणी पोलिसातला अमीन. एका पाटलाचं पोरगं तर थेट सुभेदार व्हायला निघालं होतं. सुभेदार नेमकं काय करतो हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, पण कुणी तरी मोठा असतो एवढं त्यानं ऐकलं होतं. माझी पाळी आली की मी म्हणायचो, "ठेसनमास्तर." आणि अख्खा वर्ग हसायचा.

हसेनात का! माझं मी ठरवून बसलो होतो. लहान असताना आबांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, कापसाच्या गाडीवर बसून पहिल्यांदा परतूरला आलो तेव्हाची गोष्ट. तहसीलदार रस्त्यानं निघाला की माणसं बाजूला होऊन थांबतात, हे मी त्या दिवशी सकाळी पाहिलं. मला ते फार मोठं वाटलं. मग दुपारी आबा मला ठेसणावर घेऊन गेले. तिथं पांढरा कोट घातलेला एक बुटका माणूस फलाटावर नुसता येऊन उभा राहिला आणि त्याच्यासमोर आगगाडी थांबली! आता तुम्हीच सांगा, ज्याच्यासमोर माणसं थांबतात तो मोठा, की ज्याच्यासमोर आगगाडी थांबते तो?

तेव्हापासून माझ्या पुढच्या आयुष्याचा सगळा बेत तयार. पांढरा कोट, गळ्यात शिट्टी, ठेसणामागं दगडी खोल्या आणि दारात नळ. नळ पाहिजेच. आमच्या मायचा निम्मा जन्म आडाचं पाणी शेंदण्यात गेला होता, आणि तोटी फिरवली की पाणी येतं हे तिला खरंच वाटत नव्हतं. तिला फुकटच्या पासावर खिडकीशी बसवून मनमाडपर्यंत फिरवून आणायचं, हेही ठरलेलं. लग्नाचंसुद्धा ठरलं होतं. मुलगी कोण, ते नव्हतं ठरलं. पण ती लांबच्या ठेसणाची हवी होती, जवळची असली तर सासुरवाडीला बैलगाडीनं जावं लागलं असतं.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते विळ्याला धार लावत होते.

"ठेसनमास्तर? अन्‌ शेत कोन पाहील?"

"धाकटा पाहील की."

"धाकटा आजून लंगोट सांभाळून राह्यला," आबा म्हणाले आणि पुन्हा धार लावायला लागले. बऱ्याच वेळानं त्यांचा हात थांबला. "पर एक हाय. आपला कापूस ठेसनावर पडून ऱ्हातो. डबाच भेटत न्हाई. घरचाच मास्तर आसला तं जल्दी चढंल. बराबर हाय का न्हाई?"

"बिलकुल बराबर!" मी म्हणालो. अशी घरून मंजुरी मिळाली.

पण मंजुरीला एक अट होती. आबा म्हणाले, मिडलची परीक्षा पास होऊन बसलास, आता सुगी होईपर्यंत काय ते रेल्वेचं पाहा. तोवर जमलं तर जमलं. न्हाई तं तिफन तुझी अन्‌ बैलं तुझे.

आता जमवायचं कसं? परतूरचा ठेसनमास्तर, तोच पांढऱ्या कोटाचा बुटका माणूस, आबांच्या ओळखीचा झाला होता. दर सुगीला आबा त्याच्याकडं शेंगा नि हुरडा पोचवायचे. त्यानं सांगितलं की रेल्वेचा ट्रॅफिक साहेब, म्हणजे गाड्यांची ये-जा पाहणारा मोठा अधिकारी, मधून मधून लाइनीवर फिरतो, हुशार पोरगं दिसलं की तारेचं काम शिकायला सिकंदराबादेला घेऊन जातो. तारबाबू झालं की पुढं मास्तर होता येतं. येत्या बुधवारी दुपारच्या पॅसेंजरला त्याचा डबा जोडून येणार आहे. इंजिन पाणी घेईल तेवढा वेळ तो खाली उतरतो. "पोराला उभा करा," तो म्हणाला, "मी शब्द टाकतो. साहेब दोन गोष्टी विचारील, नीट उत्तर दे म्हणावं. पुन्हा कधी येईल ते माझ्या हातात नाही."

ही खबर मी मौलवीसाबांना दिली आणि इथंच माझ्या नशिबानं कूस पालटली.

मौलवीसाब अस्सल हैदराबादचे. परतूरसारख्या गावात बदली झाली याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. हिशेब, फारसी, जुगराफिया म्हणजे भूगोल, हे सगळं ते शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव अदबीत. सलाम कसा करायचा, किती वाकायचं, मोठ्यांसमोरून निघताना पाठ न दाखवता मागं कसं सरकायचं. आणि सगळ्यांत मोठा धडा, कुणी काही देऊ केलं तर काय करायचं.

"मियाँ, जो पहली दफ़ा में हाँ कह दे, वो भुक्कड़," ते सांगायचे. "पहली दफ़ा, ना. दूसरी दफ़ा, ना. तीसरी दफ़ा सीने पे हाथ, नज़र नीची, और ना. देने वाला शरीफ़ होगा तो चौथी दफ़ा ज़रूर पूछेगा. तब शुक्रिया कहके लेना."

नुसतं सांगून ते थांबायचे नाहीत. घरून खजुराची बशी आणायचे आणि एकेकासमोर धरून सराव घ्यायचे. डबा नसायचा कुणाकडं, दुपारची वेळ, पोटात कावळे. समोर खजूर! नामदेव नावाचं एक पोरगं होतं, ते दर खेपेला पहिल्याच वेळी हात घालायचं. खजूर तोंडात आणि छडी पाठीवर, दोन्ही एकदमच. त्याचं म्हणणं असं होतं की यात आपला काही तोटा नाही.

मी मात्र पट्टीचा. पोटात आग पडलेली असली तरी असा काही नकार द्यायचो की मौलवीसाब डोळे मिटून मान डोलवायचे. तिसऱ्या नकाराला माझी नजर अशी खाली जायची की जणू त्या बशीकडं पाहणंही पाप. "वाह दत्तू मियाँ," ते म्हणायचे, "लखनऊ वाले देखें तो शरमा जाएँ." नामदेवाला लखनौ माहीत नव्हतं आणि खजूर मात्र माझ्यापेक्षा जास्त मिळायचे. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण अक्कल अशी वेळेवर येते कुठं!

तर मौलवीसाब खूश झाले. "हमारे मदरसे का लड़का साहब के सामने खड़ा रहेगा! हम ख़ुद चलेंगे." त्यांनी आपली जुनी काळी शेरवानी मला दिली. ते ताडमाड उंच, मी हा असा. शेरवानी गुडघ्याच्या खाली चांगली वीतभर लोंबत होती आणि बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती.

बुधवारी आम्ही तिघं ठेसणावर जाऊन बसलो. आबांनी ठेवणीतला लालभडक पटका बांधला होता आणि मांडीवर हुरड्याची दुरडी होती, सकाळीच भाजून चोळलेला, वर फडकं झाकलेलं. मौलवीसाब मला उर्दूतून धीर देत होते, आबा मराठीतून. मला दोन्हीकडून घाम फुटला होता.

गाडी आली. शेवटच्या डब्यातून साहेब उतरला. मद्रासकडचा माणूस, काळासावळा, जाड भिंगाचा चष्मा, पायात चकचकीत बूट. चालणं भरभर, बोलणं तुटक. हिंदुस्तानी त्याला कामापुरतीच यायची. ठेसनमास्तरानं पुढं होऊन इंग्रजीत काही तरी सांगितलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. आबांनी लगबगीनं दुरडीवरचं फडकं काढून ती पुढं केली.

"घ्या साहेब. घरचा हाय."

आणि साहेबानं काय करावं? सरळ मूठ भरली आणि तोंडात टाकली! एकदासुद्धा नको म्हणाला नाही. वर दुसरी मूठ भरून म्हणाला, "गुड! बहुत गुड!"

मौलवीसाबांनी हळूच माझ्या कानात सांगितलं, "बेचारे को किसी ने तालीम नहीं दी."

मलाही त्याची कीव आली. बघा म्हणजे!

मग साहेबानं ठेसणाच्या नावाची इंग्रजी पाटी दाखवली, वाचून घेतली. ताशी वीस मैल जाणारी गाडी दहा मैल कितीत जाईल, विचारलं. मी तिथल्या तिथं सांगितलं. घड्याळ पुढं धरलं, मी वेळ सांगितली. साहेबाच्या चेहऱ्यावर हसू आलं. ठेसनमास्तर साहेबाच्या मागं उभा राहून मला डोळ्यांनीच शाबासकी देत होता. आबांना यातलं काही कळत नव्हतं, पण साहेब हुरडा खातोय म्हणजे काम होतंय असा त्यांचा हिशेब होता.

"लड़का अच्छा," साहेब म्हणाला. "हमारा साथ आता? सिकंदराबाद. काम सीखता, खाना मिलता, रहना मिलता. आज आता?"

अहो, याच वाक्यासाठी मी इतकी वर्षं जगत होतो! छातीत असं धडधडायला लागलं की इंजिनाचा आवाज ऐकू येईना. नळ, पांढरा कोट, माय खिडकीशी बसलेली, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. आणि मी अदबीनं वाकून म्हणालो,

"जी नहीं हुज़ूर, आपको नाहक़ तकलीफ़ होगी."

मागं मौलवीसाबांनी डोळे मिटून मान डोलवली.

साहेब गोंधळला. "हमको तकलीफ़ नहीं. गाड़ी जाता, तुम बैठता. बस. आता?"

"जी नहीं हुज़ूर, मैं इस लायक़ कहाँ?"

साहेबानं ठेसनमास्तराकडं पाहिलं. "लड़का बोलता, लायक नहीं!"

"नहीं साहब, लायक़ है, बहुत लायक़ है!" ठेसनमास्तराची तारांबळ उडाली. मग माझ्याकडं वळून दातओठ खात म्हणाला, "अरे गधड्या, हो म्हण!"

पण मी असा कच्चा नव्हतो. दोन झाले होते, एकच राहिला होता. तिसऱ्याला घाई केली असती तर शिकवलेल्यावर पाणी पडलं असतं. शिवाय मौलवीसाब मागं उभे.

साहेबानं चष्मा सारखा केला आणि तिसऱ्यांदा विचारलं, अगदी सावकाश, बहिऱ्या माणसाला विचारतात तसं. "तुम... नहीं... आता?"

आता मात्र मी माझी सगळी विद्या लावली. उजवा हात छातीवर ठेवला, म्हणजे शेरवानीची बाही छातीवर ठेवली. मान लवली. नजर थेट जमिनीवर. आणि म्हणालो, "बंदा माफ़ी चाहता है, हुज़ूर."

असा नकार मी खजुराच्या वेळीसुद्धा कधी दिला नव्हता. मौलवीसाबांच्या तोंडून "वाह" निघून गेलं.

आणि मी तसाच उभा राहिलो. नजर खाली. आता चौथ्यांदा विचारतील, मी शुक्रिया म्हणेन आणि गाडीत बसेन. मला साहेबाचे फक्त बूट दिसत होते. बूट जरा वेळ तिथंच राहिले. मग वळले. मी म्हटलं, विचार करत असतील. मग बूट चालायला लागले. मी म्हटलं, येरझार घालत असतील. मग बूट दिसेनासे झाले. मी म्हटलं, येतील.

शिट्टी झाली. आणि जिथं बूट होते त्याच्या पलीकडं मला चाकं फिरताना दिसली.

मी मान वर केली तर साहेबाचा डबा माझ्यासमोरून निघालेला! मग काय विचारता! मी धावत सुटलो. "जी हाँ! हो! हौ! यस! येतो! येतो!" ज्या ज्या भाषेत हो म्हणता येतं त्या सगळ्या भाषांतून मी हो म्हणत होतो. तीन वेळा देऊन टाकलेला नकार आता पन्नास वेळा परत मागत होतो. पण शेरवानी पायात येत होती आणि इंजिनापुढं माझा आवाज कुणाला ऐकू येणार?

मी पळालो म्हणून आबा पळाले. का पळायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं पोराचं काही तरी गाडीत राहिलं. आबा माझ्यापेक्षा जोरात पळणारे, मला मागं टाकून ते पुढं निघाले आणि ओरडायला लागले, "आरं थांबवा! थांबवा की!" गाडी थांबेना म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरचा पटका सोडवला आणि दोन्ही हातांनी फडकवायला लागले.

लाल पटका! चांगला लांबलचक!

रेल्वेत लाल फडकं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गार्डानं पाहिलं, ड्रायव्हरानं पाहिलं, आणि करकर करकर करत सबंध पॅसेंजर जागच्या जागी उभी राहिली. डब्या-डब्यातून डोकी बाहेर आली. पूल वाहून गेला म्हणे, कुणी तरी चाकाखाली सापडलं म्हणे, एका बाईनं तर रडायलाच सुरुवात केली. ठेसनमास्तर कपाळाला हात लावून खाली बसला. आणि मौलवीसाब? धावणं अदबीत बसत नाही म्हणून ते शेरवानीची टोकं धरून लांब लांब ढांगा टाकत येत होते आणि ओरडत होते, "आहिस्ता मियाँ, आहिस्ता!"

साहेब घाबराघुबरा खाली उतरला. गार्ड पळत आला. "क्या हुआ? कौन मरा?"

कुणी मेलं नव्हतं. मी मात्र मरायला टेकलो होतो. कमरेवर हात ठेवून नुसता धापा टाकत होतो. साहेबानं माझ्याकडं पाहिलं, आबांच्या पटक्याकडं पाहिलं, आणि त्याला उमगलं. अहो, तो रागावला नाही हो! उलट हसला. फार भला माणूस होता. पुढं आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, "अच्छा! अब समझा. तुम आता! आता ना?"

चौथ्यांदा विचारलं! खरोखर चौथ्यांदा विचारलं होतं त्या देवमाणसानं.

आणि नेमके त्याच वेळी मौलवीसाब येऊन माझ्या मागं उभे राहिले. त्यांचं ते खाकरणं मी ऐकलं. ते खाकरणं कानावर पडलं की समोर खजुराची बशी आहे असंच मला वाटायचं. माझा हात आपोआप छातीवर गेला, मान आपोआप लवली, आणि या माझ्या तोंडातून, या इथून, शब्द बाहेर पडले,

"जी नहीं हुज़ूर, आपको नाहक़ तकलीफ़..."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण निघून गेलेलं परत कसं येणार?

साहेबाचा हात माझ्या खांद्यावरून उतरला. त्यानं गार्डाकडं पाहिलं, ठेसनमास्तराकडं पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ये लड़का... नहीं बोलने को... गाड़ी रोका."

गार्डानं डोक्याशी बोट नेऊन गोल फिरवलं. साहेबानं मान हलवली. तो डब्यात चढला, दार लागलं आणि गाडी गेली. या वेळी मी पळालो नाही. पळून सांगणार काय होतो?

ठेसनमास्तर आबांना खूप बोलला. पटक्यावरून बोलला, माझ्यावरून बोलला, उद्यापासून फलाटावर पाय ठेवायचा नाही असं म्हणाला. दुरडीतला उरलेला हुरडा मात्र त्यानं ठेवून घेतला. मी लिंबाच्या झाडाखाली बसून रडलो. खोटं कशाला सांगू, चांगला हुंदके देऊन रडलो. एवढी वर्षं एकच गोष्ट मागितली होती, ती समोर चालत आली, चारदा हात पुढं केला, आणि मी चारही वेळा नको म्हणालो. आबा शेजारी बसून पटक्याला लागलेली धूळ झटकत राहिले.

तिथंच मी मनाशी पक्कं केलं. आजपासून कुणी काहीही विचारू दे, पहिल्या झटक्याला हो. विचार नाही, थांबणं नाही. हो म्हणजे हो!

मौलवीसाबांचा चेहरा पडला होता. आपल्या शिकवण्यानं हे झालं, हे त्यांनाही कळलं असावं. ते माझ्यासमोर उभे राहिले, डोक्यावरून हात फिरवला. आता अशा वेळी मोठा माणूस दोन गोड शब्द बोलतोच. त्यांनीही रीतीप्रमाणं म्हटलं, "दिल छोटा मत करो मियाँ. हमारा मदरसा हाज़िर है. हमारी कुर्सी तक तुम्हारी है. कहो तो कल से आ के बच्चों को पढ़ाना शुरू..."

"जी हाँ!"

वाक्य पुरं व्हायच्या आत! मौलवीसाब दचकले. आपण नीट ऐकलं नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी मला एक संधी दिली. "हमारा मतलब, अगर तुम्हें ज़हमत न हो तो..."

"बिलकुल नहीं! आता हूँ!"

त्यांनी आबांकडं पाहिलं, मग आभाळाकडं पाहिलं. मग घसा साफ करून तिसऱ्यांदा, फार आशेनं विचारलं, "वाक़ई... कल से?"

"जी हाँ! सुबह से!"

झालं. दिलेला शब्द मागं घेतील तर ते मौलवीसाब कसले! नंतर मला कळलं, मदरशात एका मदतनिसाची जागा खरंच निघणार होती, आणि ती त्यांनी मनात आपल्या पुतण्यासाठी धरून ठेवली होती. पुतण्यानं हैदराबादेत सामानसुद्धा बांधून ठेवलं होतं म्हणे.

बैलगाडी गावाकडं लागली तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. बैलांकडंच पाहत बोलले.

"दत्तू, येक सांग. त्यो साहेब मनापासून इचारून राह्यल्ता, त्याला न्हाई म्हन्लास. अन्‌ ह्ये मौलवीसाब तोंडदेखलं इचारून राह्यले, तं त्यांची खुर्चीच घेतलीस?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काही म्हणायची सोयच राहिली नव्हती.

आबांनी बैलाला हाकललं. "बरं हाय. तिफनीपरीस खुर्ची बरी," ते म्हणाले, आणि मग घर येईपर्यंत खाली मान घालून एकटेच हसत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून मी वेळेवर मदरशात हजर झालो. सगळा वर्ग बसलेला. अख्ख्या मदरशात खुर्ची एकच, आणि मौलवीसाब तिच्याशेजारी उभे. मला पाहताच त्यांनी हात पुढं करून खुर्ची दाखवली. "आइए, तशरीफ़ रखिए."

आता कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? पहले आप म्हणेल, चटईवर बसेल. मी "जी हाँ" म्हणालो आणि खुर्चीत बसलो. मौलवीसाब उभेच राहिले. पोरं एकदा त्यांच्याकडं पाहत होती, एकदा माझ्याकडं. नामदेवाचा धाकटा भाऊ पहिल्या रांगेत होता, त्यानं तर तोंडात सदऱ्याचं टोक कोंबलं होतं.

मौलवीसाबांनी जरा वेळ वाट पाहिली, मी उठेन म्हणून. मी उठलो नाही. शेवटी त्यांनी पोरांसमोर माझा मान राखत विचारलं, "तो दत्तू मियाँ, आज बच्चों को क्या पढ़ाओगे?"

"जी हाँ!" मी म्हणालो.